गोंगाट आणि हार्ड रॉक एका तागडीत तोलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डीजेच्या भिंतींविरुद्ध आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखातल्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मिरवणुकीतला आवाज आवरलाच पाहिजे. पण त्या लेखात ओघात एक विधान येऊन गेलं, की या भिंती म्हणजे परदेशातल्या हार्ड रॉकच्या, म्हणजे गिटार-ड्रमवरच्या जोरकस बँडसंगीताच्या, धिंगाण्याची नक्कल आहे. त्या एका विधानासाठी हे पत्र. लांबलं तर सांभाळून घ्यावं, विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

परभणीत माझी साउंड सर्व्हिस आहे. लग्न, सप्ताह, जयंती, उरुसातली कव्वाली, निवडणुकीच्या सभा, सगळीकडे माझे माईक आणि स्पीकर जातात. सुरुवात आहुजाच्या ॲम्प्लिफायरवर आणि दोन कर्ण्यांवर केली होती. आणि हार्ड रॉक मी कॉलेजपासून ऐकतो. तेव्हा या दोन्ही आवाजांबद्दल बोलायचा मला अधिकार आहे, असं मी मानतो.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मी भिंत लावत नाही, त्यामुळे दरवर्षी कामं हातची जातात. मंडळाची पोरं येतात आणि म्हणतात, "मामा, छातीत धडकलं पाहिजे बरं का." मी नाही म्हणतो, ती दुसरीकडे जातात. भिंतीत काय होतं ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. मिक्सरवरचे लाल दिवे एकदा पेटले की विझतच नाहीत. ॲम्प्लिफायर झेपेल त्याच्या पलीकडे ताणलेला असतो, गायकाचा आवाज, ढोलकी, टाळ्या सगळं एकाच उंचीवर येतं. मग लावणी लावा नाहीतर आरती लावा, ऐकणाऱ्याला दणका तेवढा कळतो.

चांगला हार्ड रॉक याच्या नेमका उलट आहे. त्या संगीताचा सगळा जोर मधल्या मोकळ्या जागेत असतो. कुठे वाजवायचं नाही हे ज्यांना कळलं त्यांचेच अल्बम पन्नास-पन्नास वर्षं टिकले, असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी अल्बम घेऊनच मांडतो.

आमच्या वेळी असे अल्बम परभणीत मिळत नसत. औरंगाबादला गुलमंडीच्या बाजूला कॅसेट भरून देणारे दुकानदार होते, त्यांच्याकडे कोरी नव्वदची कॅसेट द्यायची, आणि आठवड्याने न्यायची. माझी पहिली भरून घेतलेली कॅसेट अशी होती: एका बाजूला डीप पर्पल या बँडचा 'मशीन हेड', दुसऱ्या बाजूला एसी/डीसी या बँडचा 'बॅक इन ब्लॅक'. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं बसतात. पहिला अल्बम सदतीस मिनिटांचा, दुसरा बेचाळीसचा. दोन्ही अख्खे बसले, एकही गाणं कापावं लागलं नाही. माझी सगळी आवड त्या एका कॅसेटवर उभी आहे, हे मी आजही मानतो.

'मशीन हेड' १९७२ च्या मार्चमधला. त्याची जन्मकथा साउंडवाल्या माणसाने तर वाचावीच. डीप पर्पलची मंडळी डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी रेकॉर्डिंगला गेली. ज्या कॅसिनोत काम करायचं, तो आदल्या कार्यक्रमात, फ्रँक झप्पाच्या मैफलीत, एका प्रेक्षकाने छताकडे फ्लेअर, म्हणजे पेटता बाण, उडवल्याने जळून खाक झाला. मग त्यांनी गावातलं एक नाट्यगृह धरलं. तिथे रात्री वाजवायला लागले तर शेजाऱ्यांची तक्रार, आणि पोलीस दारात! एक गाणं पुरं होईपर्यंत यांच्या माणसांनी दार आतून दाबून धरलं. दुसऱ्या दिवसापासून तीही जागा गेली. आपल्याकडच्या मंडळांनी इथे नीट लक्ष द्यावं: या लोकांनी शेजाऱ्यांशी भांडण केलं नाही. त्यांनी हिवाळ्यासाठी बंद असलेलं एक मोठं हॉटेल शोधलं, थंडगार कॉरिडॉरमध्ये गाद्या उभ्या केल्या, आणि बाहेर उभ्या असलेल्या रेकॉर्डिंगच्या ट्रकपर्यंत वायरी ओढल्या. वाजवलेलं ऐकायला जायचं तर खोल्यांमधून आणि बाल्कन्यांमधून वाट काढत ट्रकपर्यंत जावं लागे. शेवटी त्यांनी ऐकायला जाणंच सोडलं. जमलं असं वाटेपर्यंत वाजवायचं, आणि पुढच्या गाण्याकडे वळायचं. त्या अल्बममध्ये जो मोकळेपणा आहे तो मला या अडचणीतूनच आलेला वाटतो.

त्यात जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन नीट ऐका. तो त्याने गिटारच्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून काढला आहे, त्यामुळे त्याला कडा आली आहे. आमच्या भाषेत आवाज फाटला. आवाज फाटणं हा आमच्याकडे दोष, गिऱ्हाईक पैसे कापतं. पण लॉर्डला किती फाडायचा आणि कुठे थांबायचं हे ठाऊक होतं. सगळे या अल्बममधल्या 'स्मोक ऑन द वॉटर' या एकाच गाण्याची सुरुवात गिटारवर वाजवत बसतात. माझ्या मते खरा डौल इयन पेसच्या ड्रमचा आहे. तो डावखुरा, हात हलका, आणि घाई कधीच नाही. १९७२ च्या ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियोत या पाच जणांनी जे कार्यक्रम केले त्याचा 'मेड इन जपान' निघाला. जिवंत कार्यक्रमाचं याहून चांगलं रेकॉर्डिंग मी ऐकलेलं नाही. नंतर स्टुडिओत बसून त्यात काही भरलेलं नाही, हे ऐकताच कळतं.

माँत्रोला जो ट्रक होता, तो रोलिंग स्टोन्स या बँडच्या मालकीचा फिरता स्टुडिओ. त्याच ट्रकने १९७१ च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वाड्यात लेड झेपेलिन या बँडच्या चौथ्या अल्बमचं काम केलं. एका वर्षात एका गाडीतून हे दोन अल्बम निघाले! आज ती गाडी कॅनडात कॅलगरीच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवली आहे, आणि ठेवायलाच हवी होती. माझा टेम्पो सामान भरून निघतो तेव्हा मला त्या गाडीची आठवण होते.

झेपेलिनच्या त्या अल्बमचं शेवटचं गाणं १९२७ साली अमेरिकेत मिसिसिपी नदीला आलेल्या महापुरावरचं आहे. मूळ गाणं १९२९ मधलं, मेम्फिस मिनी आणि तिच्या नवऱ्याचं. झेपेलिनने ते घेतलं तेव्हा जॉन बॉनमचे ड्रम वाड्याच्या दिवाणखान्यात जिन्याच्या पायथ्याशी मांडले, आणि दोन माईक वर जिन्यावरून सोडले. दोनच माईक. आज एका ड्रमसेटला लोक आठ-दहा लावतात. आणि तरी तसा आवाज कुणाला येत नाही, कारण त्या आवाजात जिना आहे, उंच छत आहे, भिंती आहेत. मला हे सप्त्यात कळत गेलं. मृदंगाला माईक अगदी चिकटवला की शाईवरची थाप तेवढी टोचते, आणि मृदंगाचार्य माझ्याकडे रागाने बघतात. हातभर लांब घेतला की मागे उभ्या टाळकऱ्यांसकट मंडपाचा आवाज येतो, आणि अभंग उभा राहतो. तेव्हापासून मी झेपेलिनचा चौथा अल्बम ऐकताना गिटारवादक जिमी पेजच्या या शहाणपणाला आधी नमस्कार करतो, कारण निर्माताही तोच होता. बाकी गिटारबद्दल जगाने पुष्कळ लिहिलं आहे.

ब्लॅक सॅबथ या बँडबद्दल मला पत्रकारांशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न २२ जुलै २०२५ रोजी गेला. त्याच्या आधी अडीच आठवडे, ५ जुलैला, आपल्या गावी बर्मिंगहॅमला व्हिला पार्कच्या मैदानावर तो बसल्या जागेवरून शेवटचं गायला. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मराठी-इंग्रजी जेवढी वर्तमानपत्रं माझ्या हाती आली, त्यात त्याने स्टेजवर वटवाघळाचं डोकं चावल्याची गोष्ट ठळक होती. टोनी आयोमीच्या बोटांबद्दल मात्र एक ओळ नव्हती. आयोमी हा सॅबथचा गिटारवादक. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वरून कातडं लावलं, पातळ तारा चढवल्या आणि वाजवू लागला. पुढे 'मास्टर ऑफ रिॲलिटी'साठी, १९७१ मध्ये, तारा सैल करून सूरच खाली नेला. तो जड, संथ आवाज तिथून आला. कामगार वस्तीतल्या एका जखमी पोराने शोधून काढलेला आवाज आहे तो. त्याला धिंगाणा म्हणणं मला सहन होत नाही.

त्यांचा पहिला अल्बम १६ ऑक्टोबर १९६९ ला एका दिवसात रेकॉर्ड झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० ला आला. सुरुवातीला पाऊस, लांबून घंटा, आणि मग तीन सुरांचं ते संथ पाऊल. घाई करायला कुणी तयारच नाही. भारनियमनाच्या दिवसांत आम्ही मित्र टेपला सेल घालून ऐकायचो. सेल उतरायला लागले की टेप हळू फिरतो आणि सूर खाली जातो. 'मास्टर ऑफ रिॲलिटी' पहिल्यांदा लावला तेव्हा माझ्या मित्राने टेप उलटा करून सेल काढून पाहिले. सेल नवे होते. सॅबथचे 'पॅरानॉइड' आणि 'मास्टर' यांत निवड करायची वेळ आली तर मी 'मास्टर'च घेईन. 'पॅरानॉइड'मध्ये गाणी सरस असतील, पण जडपणा दुसऱ्यात पूर्ण मुरला आहे.

आता एसी/डीसी. यांच्याबद्दल लोक म्हणतात की यांनी एकच अल्बम जन्मभर काढला. म्हणू देत. १९ फेब्रुवारी १९८० ला त्यांचा गायक बॉन स्कॉट लंडनमध्ये गेला. दोन-तीन महिन्यांत ब्रायन जॉन्सनला घेऊन ते बहामात रेकॉर्डिंगला बसले, आणि २५ जुलैला 'बॅक इन ब्लॅक' आला. मुखपृष्ठ पूर्ण काळं, स्कॉटच्या सुतकाचं. पहिल्या गाण्याआधी घंटेचे टोल. ती घंटाही इंग्लंडमधल्या लफबरोच्या कारखान्यात मुद्दाम ओतून घेतलेली. एवढं दुःख पोटात घेऊनही त्या अल्बममध्ये रडगाणं एकही नाही.

मी नवीन ठिकाणी सिस्टीम लावली की त्या अल्बमचं शीर्षकगीत लावून तपासतो. कारण सांगतो. सुरुवातीला झांजेचे मोजून ठोके. मग गिटारचा एक दणका, आणि लगेच शांतता. दुसरा दणका, शांतता. तिसरा. या दणक्यांच्या मधे जी जागा आहे तिथे माझ्या जोडणीतलं सगळं उघडं पडतं. मंडपाच्या जनरेटरला अर्थिंग नीट नसेल तर त्या जागेत घुंई ऐकू येते. एखादी पिन ढिली असेल तर खरखर येते. स्पीकरची जाळी सैल असेल तर ती दणक्यानंतर थरथरत राहते. दुसरं कुठलंही गाणं लावलं तर हे दोष झाकले जातात. इथे झाकायला काही नाही, कारण वाजवणाऱ्यांनी ती जागा स्वच्छ ठेवली आहे. मांडवात काम करणारी पोरं पहिल्यांदा विचारतात, "काय ऐकायलाव मामा?" मी म्हणतो, गाणं ऐकू नका, त्याच्या मधलं ऐका. आता ती स्वतःच घुंई पकडतात.

हे श्रेय बहुतेक लोक शाळेच्या गणवेशात नाचणाऱ्या गिटारवादक अँगस यंगला देतात. माझ्या लेखी ते त्याचा थोरला भाऊ माल्कम यंग आणि ड्रमर फिल रड यांचं आहे. माल्कमने आपल्या गिटारचे जास्तीचे पिकअप (तारांचा आवाज टिपणारे भाग) काढून टाकून एकच ठेवला होता, आणि तो आवाज फार फाडत नसे. म्हणून प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. मागे उभा राहून तो सगळ्यांना धरून ठेवायचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो गेला तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. त्यांचा सर्वात चांगला अल्बम कोणता म्हणाल तर मी विक्रीच्या आकड्यांकडे न बघता १९७८ चा 'पॉवरेज' सांगेन. नोकरी, उधारी, पैशाची ओढाताण, हे विषय त्यात बॉन स्कॉटने जसे गायले आहेत तसे मी दुसऱ्या कुणाकडून ऐकले नाहीत.

शब्दांबद्दलही बोललं पाहिजे. या मंडळींनी बायकांबद्दल लिहिलेल्या पुष्कळ ओळी हलक्या आहेत. माझ्या मुलीने अर्थ समजून घेऊन मला विचारलं, "पप्पा, हे तुम्हाला चालतं?" नाही चालत. मी त्या ओळींची बाजू घेत नाही. गन्स अँड रोझेस या बँडच्या 'ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन'लाही हेच लागू आहे. १९८७ चा हा अल्बम वादनात अफाट आहे. स्टीव्हन ॲडलरच्या ड्रममध्ये जी झोकांडी आहे आणि इझी स्ट्रॅडलिनच्या गिटारमध्ये जो ढिला तोल आहे, त्याने तो जिवंत राहिला. पण पुढे ॲडलरला काढलं, आणि १७ सप्टेंबर १९९१ ला एकाच दिवशी 'यूज युवर इल्यूजन'चे दोन भाग आले, मिळून तीस गाणी. आमच्या पिढीने हे दोन भाग डोक्यावर घेतले. मला ते तेव्हाही जड गेले आणि आजही जातात. तीसमधली बारा ठेवली असती तर एक थोर अल्बम झाला असता. इथे जागा भरायची हाव दिसते. मे २०२५ मध्ये ते मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर वाजवून गेले. आमच्याकडची दोन पोरं गेली होती, खूश होऊन आली. त्यांच्या आनंदावर मला पाणी टाकायचं नाही.

डेफ लेपर्ड या बँडच्या 'हिस्टेरिया' अल्बमचं मला वेगळंच वाटतं. निर्माता तोच, मट लँग, ज्याने 'बॅक इन ब्लॅक' केला. पण इथे थरावर थर, गळ्यावर गळे चढवलेले. कारागिरी मानतो, मन रमत नाही. मात्र त्यांचा ड्रमर रिक ॲलन याचा डावा हात १९८४ च्या शेवटच्या दिवशी मोटार अपघातात गेला, आणि त्याने पायाने वाजवायचे ड्रम करून घेऊन तोच अल्बम वाजवला. यासाठी त्या अल्बमला माझ्या कपाटात कायम जागा आहे.

क्वीन या बँडचा विषय निघाला की आपल्याकडे त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकल्याचं हटकून सांगितलं जातं. खरं आहे, सांगावंही. मला त्याहून अप्रूप त्यांचा गिटारवादक ब्रायन मे याचं. त्याने आणि त्याच्या वडिलांनी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड घेऊन घरीच गिटार बनवली, आणि तीच तो आजवर वाजवतो. 'शीअर हार्ट अटॅक' ऐका, १९७४ चा. तेवढ्याने समजेल.

आणि आता मी आपल्या लेखकाला एक गोष्ट मान्य करतो. रॉकवाल्यांनीही भिंती बांधल्या. सीडीच्या काळात कंपन्यांमध्ये स्पर्धा लागली की आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठ्याने वाजली पाहिजे. हळू आणि मोठा यातला फरकच दाबून टाकला. २००८ मध्ये मेटॅलिका या बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा चाहत्यांनीच ओरड केली की आवाज फाटतोय, आणि गिटार हिरो या व्हिडिओ गेमसाठी दिलेली त्याच गाण्यांची प्रत जास्त मोकळी वाजते. विनंतीपत्रावर लोकांनी सह्या केल्या. म्हणजे गोंगाटाविरुद्ध सर्वात आधी उठले ते हे संगीत ऐकणारेच. आपला लेखक आणि आम्ही एकाच बाजूला आहोत, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

माझी आपल्याला विनंती अशी. पुरवणीत शास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीत, गझल, हिंदी सिनेमा यांना जागा मिळते, ती मिळायलाच हवी. महिन्यातून एक छोटा रकाना अशा अल्बमना द्या. मराठवाड्यात हे ऐकणारे आम्ही एकटेदुकटे नाही. नांदेडला, लातूरला, जालन्याला माझ्या ओळखीची माणसं आहेत, कुणी वायरमन, कुणी प्राध्यापक, कुणी कृषी केंद्र चालवणारा, आणि एक जण तर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. लिहायला मागितलं तर लिहितील. गाणं नव्हे, अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने ऐकलेला. मोबाईलवर एक गाणं इथलं, एक तिथलं ऐकून या लोकांचं काम समजत नाही, कारण दोन गाण्यांमधलं अंतरसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलेलं असतं.

आणि त्या लेखाच्या लेखकाने एकदा परभणीला माझ्या गोदामावर यावं. हंगाम नसताना संध्याकाळी मी मोकळा असतो. 'मशीन हेड' आणि 'बॅक इन ब्लॅक', दोन्ही अख्खे ऐकवीन, आवाज ५५ डेसिबलच्या आत ठेवून. मीटर माझ्याकडे आहे. माझा फोन नंबर पत्रासोबत वेगळ्या कागदावर कार्यालयासाठी दिला आहे, तो छापू नये.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक साउंड सर्व्हिसवाला, परभणी